पहाटेच्या योगवर्गातली सोबत : एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

प्रस्तुत प्रकरण बदलीमुळे एका मोठ्या, गजबजलेल्या शहरात येऊन राहिलेल्या ४४ वर्षांच्या गृहस्थांचे आहे. ते एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतात. मुलीच्या शाळेमुळे पत्नी आणि मुलगी मूळ गावीच राहिल्या आणि हे एका बहुमजली इमारतीत भाड्याच्या घरात एकटे राहू लागले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे लेखन त्यांनी वाचले असून त्यास संमती दिली आहे. पुढे त्यांचा उल्लेख ‘साधक’ असाच केला आहे.

त्यांची तक्रार झोपेची होती. रात्री साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकली तरी चारच्या सुमारास डोळे टक्क उघडत, छातीत धडधड होई आणि उजाडेपर्यंतचा वेळ मोबाइलवर कामाचे ई-मेल चाळण्यात जाई. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, थायरॉइडची आणि रक्ताच्या इतर नेहमीच्या तपासण्या केल्या. त्यांत दोष आढळला नाही. नियमित व्यायाम करा आणि उठण्याची वेळ पक्की ठेवा, असा सल्ला मिळाला आणि त्या सल्ल्याची अंमलबजावणी म्हणून ते मी घेत असलेल्या पहाटेच्या वर्गात आले. “मॅडम, मला फक्त श्वासाचं शिकायचंय. चारचौघांत मिसळायचा माझा स्वभाव नाही,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. हे वाक्य मी वर्गाच्या नोंदवहीत लिहून ठेवले आहे. प्रकरण समजून घेताना ते सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागते, कारण ते खरोखरच शेवटपर्यंत फारसे मिसळले नाहीत आणि तरीही ते आमचे झाले.

प्रवेशअर्जात आपत्कालीन संपर्काचा एक रकाना असतो. रात्री-अपरात्री बरे वाटेनासे झाले तर कोणाला कळवायचे, हे त्यात लिहायचे असते. साधक पेन हातात धरून बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिले आणि अखेर त्यांनी पत्नीचा क्रमांक लिहिला. पत्नी रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होती. ‘एकटेपणा’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. मला तो त्या रकान्यात दिसला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाची झळ बसते. हा आकडा वाचताना एकटे पडलेले वृद्ध डोळ्यांसमोर येतात. ज्याच्या हाताला काम आहे, ज्याला कुटुंब आहे, ज्याच्या खिशात फोन आहे, असा मध्यमवयीन माणूस सहसा येत नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली शहरी जीवनातील ‘ओळखीचे अनोळखी’ ही कल्पना मांडली होती. रोज एकाच फलाटावर दिसणारी, चेहऱ्याने पक्की ठाऊक असलेली, पण ज्यांच्याशी कधी चकार शब्द बोलणे होत नाही अशी ही माणसे. साधकांच्या आयुष्यात घरमालक आणि सहकारी वगळता या शहरात केवळ अशीच माणसे होती.

वर्गाची रचना आणि वेळ

हा वर्ग पावणेसहाला सुरू होतो आणि पावणेसातला संपतो. वीसेक माणसे असतात. निवृत्त झालेले आहेत, नोकरदार आहेत, परीक्षेचा अभ्यास करणारी दोन-तीन तरुण मुलेही आहेत. नव्याने येणाऱ्याला स्वतःची ओळख करून द्यायला लावण्याचा प्रघात आमच्याकडे नाही. त्याला जागा दाखवली जाते आणि ती जागा त्याची होते. फोन पिशवीत राहतात. तीन ओंकार, सांधे मोकळे करणाऱ्या हालचाली, सूर्यनमस्कार, चार-पाच आसने, श्वासाचा अभ्यास आणि शवासन हा क्रम सहसा बदलत नाही. काहींना तो कंटाळवाणा वाटतो. ज्या माणसाच्या दिवसात पुढच्या तासाला काय येऊन आदळेल याचा नेम नसतो, त्याला मात्र पुढे काय होणार हे ठाऊक असण्यातच निम्मी विश्रांती मिळते, असे माझे ठाम मत आहे.

पहाटेच्या वेळेचा आग्रह परंपरेचा आहे, तसा तो शरीरशास्त्रालाही पटणारा आहे. जाग आल्यानंतरच्या ३० ते ४५ मिनिटांत रक्तातील कॉर्टिसोल या संप्रेरकाची पातळी निसर्गतःच वाढते. शरीर दिवसाला तोंड देण्याची तयारी करत असते. त्याच वेळेत साधकांच्या हातात मोबाइल असे आणि नाकारलेल्या दाव्यांवरची संतप्त पत्रे त्यावर उघडलेली असत. वर्ग संपवून घरी चालत जाताना अंगावर पडणारा सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ जुळवतो आणि त्याचा परिणाम त्या रात्रीच्या झोपेवर होतो. निद्रानाशावरील वर्तनोपचारातही उठण्याची वेळ पक्की ठेवणे आणि झोप येत नसेल तर बिछान्यात जागे न लोळणे, या दोन गोष्टींना मोठे स्थान आहे. म्हणून मी साधकांना सांगितले होते की जाग आल्यावर पडून राहू नका, उठा, तोंड धुवा आणि निघा. ते खरोखरच निघत आणि कुलूप उघडण्याच्या कितीतरी आधी येऊन जिन्यात बसत.

पहिला टप्पा

सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांना शांतता लाभली नाही, उलट अस्वस्थता वाढली. श्वास शिकायचा म्हणून ते छाती फुगवून मोठमोठे श्वास घेत आणि थोड्याच वेळात बोटांना मुंग्या येऊन धडधड पुन्हा सुरू होई. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नेमकी हीच लक्षणे दिसू लागतात. चिंतेने ग्रासलेल्या माणसाला ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगणे म्हणूनच जपून करायचे काम आहे. ज्या छातीची भीती वाटते, तिच्याकडेच लक्ष द्यायला आपण त्याला सांगत असतो.

शवासनातही तोच प्रकार. सगळा वर्ग निपचित पडलेला असताना त्यांच्या दोन्ही हातांचे अंगठे मुठींत घट्ट दाबलेले असत आणि एक डोळा किलकिला राहून दाराकडे लागलेला असे. शवासनाने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते असे हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात म्हणजे प्रकरणात म्हटले आहे. परंतु ज्याला उताणे पडल्यावर उघड्यावर पडल्यासारखे वाटते, त्याला त्या आसनात विश्रांती मिळायची कशी? त्यांना मी शवासनाऐवजी मकरासन दिले. पालथे झोपून हातांवर कपाळ टेकले की पोट जमिनीला लागते, प्रत्येक श्वासाला जमीन पोटाला हलकेच दाबते आणि काही न करता श्वास खाली उतरू लागतो. पंधरवड्याने त्यांचे अंगठे मुठींतून बाहेर आले.

खरा फरक मला दिसला तो भ्रामरीत. भ्रामरीत नाकाने श्वास घेऊन ओठ मिटायचे आणि भुंग्यासारखा नाद करत श्वास सोडायचा असतो. नाद टिकवायचा म्हटले की उच्छ्वास आपोआप लांबतो. मोजावा लागत नाही, त्याच्याकडे टक लावून पाहावेही लागत नाही. लांब उच्छ्वासाच्या वेळी मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती मंदावते. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ल्युचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगातील मंत्र, या दोन्हींच्या पठणाने श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे ६ पर्यंत खाली आल्याचे दिसले. हृदय आणि रक्तदाब यांच्या नियमनाला हा वेग मानवतो, असेही त्यातून पुढे आले. शब्द कोणतेही असोत, ओळ पुरी करायची तर श्वास लांबवावा लागतो, हे त्यामागचे साधे कारण.

मात्र साधकांच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचे असे काहीतरी घडत होते. भ्रामरी एकट्याने केली तर आपला श्वास कुठे तुटला ते आपल्याला स्पष्ट ऐकू येते. वीस माणसे करतात तेव्हा प्रत्येकाचा श्वास वेगळ्या क्षणी संपतो आणि वेगळ्या क्षणी सुरू होतो. त्यामुळे खोलीतला नाद अखंड राहतो आणि त्यात कोणाचाच तुटलेला श्वास ऐकू येत नाही. साधक प्रथम ओठ मिटून नुसते बसत. पुढे इतरांचा नाद भरात आल्यावर दबकत आपला मिसळू लागले. एके दिवशी सगळे थांबल्यावरही त्यांचा नाद क्षणभर चालू राहिला आणि ते दचकून थांबले. कोणी मान वळवली नाही. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते म्हणाले, “घरी करून पाहिलं, पण तिथं जमत नाही. तिथं माझाच आवाज येतो.” प्रकरणाची दिशा मला या वाक्यात सापडली.

किल्ली

सभागृहाची किल्ली ज्या निवृत्त शिक्षिकेकडे असे, त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. सर्वांत आधी येऊन जिन्यात बसणारा माणूस ठरलेलाच होता, म्हणून मी किल्ली साधकांकडे दिली. खिडक्या उघडणे, एकच दिवा लावणे, सतरंज्या अंथरणे एवढेच काम होते. त्यांनी ते विम्याचा दावा तपासावा तितक्या काटेकोरपणे केले. कोणाची सतरंजी कुठे, कोणाला भिंतीचा आधार लागतो, कोणाला खिडकीचा वारा सोसत नाही, हे त्यांना थोड्याच दिवसांत तोंडपाठ झाले. शिक्षिका बऱ्या होऊन परतल्या त्या दिवशी त्यांच्या जागी एक खुर्ची आणि तिच्या पायांशी दुहेरी घडीचे कांबळे आधीच ठेवलेले होते. मी तसे सांगितले नव्हते. साधकांना तोवर त्यांचे पूर्ण नावही ठाऊक नव्हते.

यात झालेला बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहाटे चारची जाग ही तोवर त्यांच्या लेखी व्याधी होती. आता त्या जाग येण्याला एक काम चिकटले. झोपेची जी वही ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून लिहीत, तीत या काळात जाग येण्याची वेळ बदललेली दिसत नाही. धडधडीच्या नोंदी मात्र विरळ होत गेल्या आणि पहाटे मोबाइल उघडल्याच्या नोंदी जवळजवळ थांबल्या. झोप प्रत्यक्ष लांबली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. तेव्हा ते पाचपर्यंत झोपू लागले. क्रम असा, की आधी माणसांत जागा मिळाली, मग धडधड शमली आणि झोप सर्वांत शेवटी आली.

एका पहाटे दार उघडलेच नाही. साधकांना रात्री ताप भरला होता आणि फोन बंद पडला होता. वीस माणसे जिन्यात ताटकळत उभी राहिली. शेवटी आम्ही जिन्यातच तीन ओंकार केले आणि पांगलो. वर्गातले एक निवृत्त रेल्वे कर्मचारी किल्ली आणण्यासाठी म्हणून साधकांच्या घरी गेले आणि डॉक्टरांना दाखवून, औषधे घरी पोचवून दुपारी परतले. साधक बरे होऊन आल्यावर माझ्याकडे येऊन पुनःपुन्हा दिलगिरी व्यक्त करू लागले. मी विचारले, कोणी तुम्हाला बोलले का? “नाही ताई, कोणीच बोललं नाही. जो तो प्रकृतीच विचारत होता,” ते म्हणाले आणि मग थोडे थांबून, “मी नाही आलो तर इथं काही अडेल, असं मला वाटलंच नव्हतं.” पुढच्या वर्षी प्रवेशअर्ज नव्याने भरून घेतला तेव्हा आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात पत्नीच्या क्रमांकाखाली त्या रेल्वेच्या गृहस्थांचा क्रमांक होता.

विश्लेषण

या प्रकरणाचा अर्थ ‘योगाने शांती मिळाली’ असा लावला तर निम्मी गोष्ट सुटते. तीच आसने, तीच भ्रामरी घरी करून त्यांना लाभ झाला नव्हता. दुसरीकडे, नुसत्या ओळखीपाळखीनेही काम झाले असते असे दिसत नाही. वर्गातल्या काहींनी एका रविवारी स्नेहमेळावा ठेवला होता. साधक आले, एका कोपऱ्यात उभे राहिले आणि लवकर निघून गेले. वर्गाचा संदेशगट त्यांनी पहिल्याच आठवड्यात मूक करून ठेवला होता. संभाषणाचा भार ज्याला पेलत नाही, त्याला संभाषणाशिवायची सोबत हवी असते. एकत्र, एका लयीत केलेला अभ्यास ती देतो.

एका लयीचा हा परिणाम तपासला गेला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकापटूंवरील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तितकेच श्रम एकट्याने केल्यानंतर आणि चमूसोबत एका लयीत वल्ही मारल्यानंतर खेळाडूंची वेदना सोसण्याची मर्यादा मोजली गेली. चमूसोबतच्या सरावानंतर ती अधिक वाढलेली आढळली आणि एंडॉर्फिन या शरीरातल्या वेदनाशामक द्रव्याचा स्राव हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. सूर्यनमस्कारात वीस पाठी एकाच अंकाला वाकतात आणि वीस श्वास एकत्र आत जातात, तेव्हा त्याच जातीचे काही घडत असावे, असे मला वाटते. मात्र वल्ह्यांवरचा निष्कर्ष सूर्यनमस्काराला तसाच्या तसा लावणे घाईचे होईल.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली सैल नात्यांचे, म्हणजे नुसत्या ओळखीच्या माणसांशी असलेल्या नात्यांचे, बळ दाखवून दिले होते. त्यांचा मुख्य रोख माहिती आणि संधी माणसापर्यंत कशा पोचतात यावर होता. माझ्या पाहण्यात सैल नात्यांचे आणखी एक मोल आहे : ती माणसाची दखल घेतात आणि त्याच्याकडून काही मागत नाहीत. साधकांना जिवलग मित्र मिळाला नाही. त्यांना वीस माणसे मिळाली, ज्यांच्या पहाटेत त्यांची एक ठरलेली जागा होती.

येथे परंपरेतला एक पेच नोंदवला पाहिजे. हठप्रदीपिकेने योगाचा नाश करणाऱ्या ज्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत ‘प्रजल्प’ म्हणजे व्यर्थ बडबड आणि ‘जनसंग’ म्हणजे लोकांची संगत या दोहोंचा समावेश आहे. मग योगवर्गातून आपलेपणा मिळाला म्हणणे परंपरेच्या विरुद्ध जाते काय? मला तसे वाटत नाही. एकांतात राहून साधना करणाऱ्या हठयोग्याला दिलेली ती ताकीद आहे, आणि तिचा रोख साधना विस्कटून टाकणाऱ्या संगतीवर आहे. पतंजलींनी तर चित्त प्रसन्न होण्याचा उपाय सांगताना मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याचे चांगले पाहून होणारा आनंद) आणि उपेक्षा (दुसऱ्याच्या वाइटाबाबत तटस्थता) या भावना सांगितल्या (योगसूत्रे १.३३), आणि या चारही भावना दुसरा माणूस समोर असल्याशिवाय संभवत नाहीत. आमचा वर्ग बोलका असता, तर साधक बहुधा आठवड्यात निघून गेले असते. प्रजल्प टाळण्याचा जुना नियमच त्यांच्या कामी आला.

निष्कर्षांना मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. हे एकच प्रकरण आहे. उठण्याची पक्की वेळ, सकाळचा उजेड, व्यायाम, श्वास आणि माणसे या गोष्टी एकाच वेळी घडल्या. त्यांतल्या कोणत्या गोष्टीने किती काम केले, हे वेगळे काढता येत नाही. आर्थिक वर्षाच्या अखेरीस कामाचा डोंगर उभा राहिला तेव्हा ते आठवडाभर येऊ शकले नाहीत आणि धडधड परतली. डॉक्टरांकडचे त्यांचे जाणे मी कधीही थांबू दिले नाही. जिथे सततची उदासी, भूक मरणे किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसतात, तिथे योगवर्गाच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे हेच शिक्षकाचे पहिले काम.

सद्यस्थिती

साधक आजही येतात. दरवर्षी २१ जूनच्या आंतरराष्ट्रीय योगदिनाच्या सुमारास आमचा वर्ग दुथडी भरून वाहतो आणि महिन्याभरात पुन्हा पात्रात येतो. गेल्या खेपेस नव्यांना जागा दाखवण्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले. भिंतीजवळ बसू पाहणाऱ्या, कोणाशी नजर न मिळवणाऱ्या एका तरुणाला त्यांनी काही न विचारता दाराजवळची जागा दिली आणि दुसऱ्या दिवशीही ती त्याच्यासाठी राखून ठेवली. तो तरुण टिकला आहे.

या प्रकरणानंतर वर्गाच्या कामकाजात दोन गोष्टी पक्क्या केल्या. नव्याने आलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच एखादे छोटे काम सोपवले जाते : खिडक्या, कांबळ्यांच्या घड्या, हजेरीची वही. आणि सलग दोन दिवस न आलेल्या माणसाला शेजारच्या सतरंजीवरच्या माणसाने फोन करायचा, कारण विचारायचे नाही, फक्त “उद्या येताय ना?” एवढेच विचारायचे. किल्ल्या आता तीन जणांकडे असतात.

दोन प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत. साधकांची पहाट सावरली, तरी संध्याकाळी आठनंतरचे त्यांचे घर अजून तसेच रिकामे आहे आणि त्याला आमच्या वर्गाकडे उत्तर नाही. मुलीची परीक्षा झाल्यावर कुटुंब एकत्र आणण्याचा त्यांचा विचार चालू आहे. दुसरा प्रश्न रात्रपाळी करणाऱ्यांचा आहे. अशा दोघीजणी मध्यंतरी चौकशी करून गेल्या. त्यांची झोपेची वेळ आमच्या वर्गाच्या वेळेवरच येते आणि त्यांना पहाटे बोलावणे म्हणजे आजार वाढवणे होईल. त्यांच्यासाठी दुपारी चारचा छोटा वर्ग, पडदे ओढून आणि हाच क्रम ठेवून, चालवून पाहायचे ठरले आहे. सभागृह त्या वेळी मोकळे मिळते का, याची विचारणा सध्या सुरू आहे.